पदार्पणाची कोरी ओळ : रेसच्या एका पुस्तकाचे परीक्षण

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला सॅटिसच्या पुलाखालून बाहेर पडले की वर्तमानपत्रांचा जो स्टॉल लागतो, तेथे मुंबईत घोड्यांच्या शर्यतींचा हंगाम सुरू असताना रेसच्या आदल्या संध्याकाळी, कोणत्या शर्यतीत कोणते घोडे पळणार याची माहिती देणारे रेसचे पुस्तक विकायला येते. मागच्या हिवाळ्यात मी त्याचे सलग सहा अंक विकत घेतले, प्रत्येक अंक हातात पेन्सिल धरून वाचला आणि त्यांतले चार अंक महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सोबत नेऊन प्रत्यक्ष शर्यतींशी ताडून पाहिले. पुस्तकाचे नाव मी मुद्दाम देत नाही. ज्या उणिवेबद्दल मला लिहायचे आहे ती एकट्या त्या पुस्तकाची नाही, आणि दर आठवड्याला एवढी आकडेवारी वेळेवर छापून ठाण्यापर्यंत पोहोचवणाऱ्या माणसांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे.

प्रथम चांगले ते सांगतो. पुस्तकाची किंमत तलावपाळीवरच्या एका प्लेट भेळेच्या आसपास आहे आणि त्या पैशांत मिळणारा मजकूर भरपूर आहे. ज्या घोड्याने आधी पाच-सहा शर्यती केल्या आहेत, त्याचे पान म्हणजे त्याची कुंडलीच असते. वय, आईबाप, मालक, ट्रेनर, जॉकी, पाठीवरचे वजन, गेटचा क्रमांक आणि त्याखाली मागच्या शर्यतींच्या ओळी येतात; प्रत्येक ओळीत तारीख, अंतर, वेळ, कितवा आला, घोड्याच्या किती लांबीने हरला किंवा जिंकला, आणि त्या दिवशी बाजारात त्याचा भाव, म्हणजे जिंकल्यास रुपयाला किती मिळणार, तो काय होता. ठाण्याहून दादरपर्यंतची जलद लोकल, मग पूल ओलांडून पश्चिम रेल्वेची धीमी गाडी, एवढ्या प्रवासात दोन शर्यतींचा अभ्यास सहज होतो. छपाई बारीक असली तरी स्वच्छ आहे आणि आकडे एका रेषेत आहेत; जॉकीने बाराशे मीटरवर हा घोडा कधी चालवला होता हे शोधायला बोट फिरवावे लागत नाही.

या सगळ्या मेहनतीला एका ठिकाणी भगदाड पडते. घोडा पहिल्यांदाच पळणार असेल, तर त्याच्या नावाखालची जागा कोरी असते. आईबापांची नावे असतात, ट्रेनरचे नाव असते, आणि जेथे मागच्या शर्यतींच्या ओळी असायला हव्यात तेथे एकच शब्द असतो : पदार्पण. दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत अशा कोऱ्या जागा चार-पाच असतात. म्हणजे ज्या पानावर वाचकाला मदतीची सर्वांत जास्त गरज असते, त्याच पानावर पुस्तक गप्प बसते.

पहिल्यांदा पळणाऱ्या घोड्याबद्दल लिहिण्यासारखे काही नसतेच, असा यावर बचाव होऊ शकतो, आणि तो बरोबर नाही. आपल्याकडे शिंगरांना सहसा थेट शर्यतीत उतरवत नाहीत. पहाटेच्या कसरतींत त्यांना आधी एकेकटे आणि मग जोडीने पळवतात, गेटमध्ये उभे राहण्याची सवय लावतात आणि शेवटी मॉक रेसमध्ये उतरवतात. मॉक रेस म्हणजे पैसे न लावता झालेली शर्यत. पाच-सात घोडे एकत्र गेटमधून सुटतात, जॉकी किंवा सरावाचा रायडर वर असतो, हजार-बाराशे मीटर पळतात, आणि घड्याळ लावून बसलेले निरीक्षक वेळ टिपतात. इंग्रजी दैनिकांच्या क्रीडा पानावर खालच्या कोपऱ्यात हे सगळे छापून येते. ज्याने ते कधी वाचले नसेल त्याला ती ओळ सांकेतिक भाषेसारखी वाटेल : १००० मीटर, अमुक आणि तमुक, १-५, ६००/३८, पहिला सहज पुढे, दुसऱ्याला जोर लावावा लागला. एकदा ती वाचायला शिकले की तिच्यात बरेच काही सापडते. हजार मीटर एक मिनिट पाच सेकंदांत, त्यातले शेवटचे सहाशे मीटर अडतीस सेकंदांत, म्हणजे ताशी साधारण सत्तावन्न किलोमीटरचा वेग. आणि त्या वेगात एक घोडा लगामाला दाबून धरलेला होता, तर दुसऱ्याला रायडर ढकलत होता. सहाशे मीटरची वेळ दोघांची सारखीच दिसते, पण शेवटच्या शब्दांनी ते दोन वेगळे घोडे ठरतात.

गेटच्या सरावाच्या नोंदीही अशाच छापून येतात. कोण पटकन सुटला आणि कोण मागे राहिला, एवढेच त्यांत असते. पण पदार्पण करणाऱ्या घोड्याच्या बाबतीत मला याहून मोलाची माहिती दुसरी कोणती वाटत नाही. हजार मीटरची शर्यत जेमतेम मिनिटभराची असते. पूर्ण वेगात घोडा सेकंदाला सोळा-सतरा मीटर कापतो. घोड्याची एक लांबी अडीच मीटरच्या आत धरली, तर गेटमध्ये गमावलेला एक सेकंद म्हणजे सहा ते सात लांबी. तेवढे अंतर मिनिटभरात भरून काढणारा घोडा दुर्मीळ असतो, आणि शिंगरांमध्ये तर तो शोधूनही सापडत नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी मला हा हिशेब स्वतःच्या खिशातून शिकावा लागला. दोन वर्षांच्या घोड्यांची हजार मीटरची शर्यत होती. नऊ घोडे, त्यांतले पाच प्रथमच पळणारे. पुस्तकाच्या शेवटच्या पानावरच्या शिफारशीत चार क्रमांकाच्या घोड्याला पहिली पसंती होती आणि कारण दिले होते, 'सकाळच्या कामात चमक'. एवढ्या तीन शब्दांवर मी दोनशे रुपये लावले. माझी मर्यादा एका दिवसाला पाचशेची असते, त्यामुळे ही माझ्या दृष्टीने मोठीच उडी होती. गेट उघडले तेव्हा बाकीचे आठ घोडे निघाले आणि चार क्रमांक दोन्ही पुढचे पाय उचलून क्षणभर तिथेच राहिला. नंतर तो विलक्षण वेगाने पळाला आणि चौथा आला, यावरून त्याच्यात दम होता हे तर कळलेच. शर्यत संपल्यावर आमचे नाना, वागळे इस्टेटमध्ये तीस वर्षे माझ्या शेजारच्या टेबलावर बसलेले माझे सहकारी, पिशवीतून एक कात्रण काढून म्हणाले, "अहो, हे परवाच छापून आलं होतं. मॉक रेसमध्येसुद्धा तो गेटमधून उशिराच निघाला होता. तुम्हाला पुस्तकात दिसलं नाही का?"

पुस्तकात ते नव्हते. चमक होती, उशीर नव्हता.

त्या आठवड्यात मी प्रकाशकाच्या पत्त्यावर रीतसर पत्र लिहिले. पत्राला उत्तर आले नाही, पण फोनवर एका गृहस्थांनी सौजन्याने बोलून सांगितले की, पहाटेच्या कामांच्या नोंदी रोज येतात, त्या सगळ्या छापायच्या तर जागा पुरत नाही. हे उत्तर मला मान्य झाले असते. परंतु त्याच अंकात अंकशास्त्रानुसार त्या रविवारी कोणत्या जन्मतारखेच्या माणसाने कोणत्या क्रमांकाचा घोडा खेळावा, याला दोन पूर्ण पाने दिलेली होती. पाच पदार्पणांच्या मॉक रेसच्या ओळी छापायला एका पानाचा चौथा भागसुद्धा लागला नसता.

येथे मी पुस्तक थोडे बाजूला ठेवतो, कारण मूळ प्रश्न त्या पुस्तकाच्याही मागे जातो : लहान घोड्यांना पैशांच्या शर्यतीत उतरवण्यापूर्वी अशा चाचणीत पळवणे आवश्यकच असावे का? आणि असेल, तर ती चाचणी कोणासाठी असते? माझे मत असे आहे की ती आवश्यक असावी, आणि तिच्यावर घोड्याच्या मालकाइतकाच तिकीट काढणाऱ्याचाही हक्क असावा.

आपल्याकडे रेसवर पैसे लावणे कायद्याने चालते, याचे कारण सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, तामिळनाडूतून गेलेल्या के. आर. लक्ष्मणन यांच्या प्रकरणात, घोड्यांच्या शर्यतीला नशिबाचा नव्हे तर प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवले. घोड्याची कामगिरी, वंश, जॉकीची क्षमता, वजन, अंतर यांचा अभ्यास करून माणूस निर्णय घेतो, हा त्या विचाराचा गाभा आहे. हे जुन्या घोड्यांच्या बाबतीत मला शंभर टक्के पटते. पण नऊपैकी पाच घोडे पूर्वी कधीच पळालेले नाहीत आणि त्यांच्या चाचण्यांची नोंद वाचकापर्यंत पोहोचलेली नाही, अशा शर्यतीत कौशल्य कशावर चालवायचे? आईबापांच्या नावांवर आणि शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकमध्ये दिसणाऱ्या अंगकाठीवर? त्यातच ऑक्टोबर २०२३ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के वस्तू व सेवा कर लागू झालेला आहे. एवढा कर भरणाऱ्याला निदान घोडा गेटमधून सरळ बाहेर येतो की नाही, हे आधी कळावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

कौशल्याला जागा उरत नाही तेथे बातमी तिची जागा घेते. घोड्याला रोज पाहणारे सईस, त्याला पहाटे पळवणारे रायडर, ट्रेनर आणि त्यांच्या ओळखीची मंडळी यांना तो कसा पळतो हे पक्के ठाऊक असते. बाकीच्यांना ते बुकींच्या फळ्यावर दिसते : जाणत्यांचे पैसे लागताच दहाचा भाव बघता बघता तीनवर येतो, आणि तेव्हा कुठे लोकांना समजते की या कोऱ्या ओळीमागे काहीतरी आहे. मैदानात उभा असलेला माणूस निदान तो कोसळणारा भाव पाहू शकतो. ठाण्याहून सकाळीच मनाशी निर्णय करून निघालेल्या माणसाच्या हातात मात्र पुस्तकच असते.

दुसरा मुद्दा घोड्याच्या शिक्षणाचा. चाचणी नसेल तर घोडा शिकतो कोठे? तो पहिल्या शर्यतीतच शिकतो. पुढच्या घोड्याच्या खुरांतून उडणारी माती तोंडावर येते, दोन्ही बाजूंनी घोडे खेटतात, स्टँडमधून ओरडा होतो, चाबकाचा आवाज येतो, आणि हे सगळे त्याला प्रथमच भेटते. अनेक ट्रेनर पहिल्या शर्यतीला मनातून शिकवणीच मानतात, जॉकीही घोड्याला फारसा पिळत नाही, आणि दुसऱ्या-तिसऱ्या शर्यतीत तोच घोडा वेगळा दिसतो. यात घोड्याच्या दृष्टीने गैर काही नाही. घाबरलेल्या शिंगराला पहिल्याच दिवशी झोडपून काढणे याहून वाईट. पण या शिकवणीची फी त्या दिवशी त्याच्यावर पैसे लावणारा भरत असतो, आणि त्याला ते सांगितलेले नसते. हीच शिकवणी मॉक रेसमध्ये झाली तर कोणाचेच नुकसान होत नाही. गेटमध्ये उधळणारा घोडा शेजारच्या घोड्याला, जॉकीला आणि त्याला आत ढकलणाऱ्या माणसांनाही इजा करू शकतो, हे तर वेगळेच.

इतरत्र काय करतात, हे पाहण्यासाठी मी या हंगामात जी दुसरी सेवा वापरली तिची तुलना येथे केलीच पाहिजे. हाँगकाँग जॉकी क्लबच्या संकेतस्थळावर बॅरिअर ट्रायलचे, म्हणजे तेथील मॉक रेसचे, निकाल आणि चित्रफिती कोणालाही फुकट पाहता येतात. तो क्लब १८८४ सालचा आहे, आपले महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३ सालचे. म्हणजे वयाने दोघे पाठीला पाठ लावून आलेले. हाँगकाँगमध्ये घोड्यांची पैदास होत नाही, सगळे घोडे बाहेरून येतात, आणि नवा घोडा शर्यतीत उतरण्यापूर्वी चाचणीत समाधानकारक पळालेला असावा लागतो. शा टिन, हॅपी व्हॅली आणि २०१८ मध्ये सुरू झालेले चीनमधले चोंगहुआ येथील प्रशिक्षण केंद्र, येथे या चाचण्या होतात. निकालात क्रम, अंतर, वेळ, टप्प्याटप्प्याचा वेग, डोळ्यांवर झापडे होती की नव्हती, आणि प्रत्येक घोडा कसा पळाला याची एक-दोन वाक्ये असतात. शेजारी चित्रफितीचे बटण असते. पाचपाखाडीतल्या माझ्या घरात रात्री जेवणानंतर बसून मी हाँगकाँगच्या अशा शिंगरांना पळताना पाहिले आहे, ज्यांच्यावर मी आयुष्यात एक रुपयाही लावणार नाही. आणि माझ्या घरापासून तीस-पस्तीस किलोमीटरवर पळणाऱ्या घोड्यासाठी मात्र मला नानांच्या पिशवीतल्या कात्रणावर अवलंबून राहावे लागते.

ऑस्ट्रेलियात सिडनीकडे बॅरिअर ट्रायल हा पदार्पणापूर्वीचा नेहमीचाच टप्पा आहे आणि त्यांचे निकाल व चित्रफिती प्रसिद्ध होतात. व्हिक्टोरियात 'जंप-आउट' नावाच्या कमी औपचारिक धावाही असतात. जपानमध्ये घोड्याला पदार्पणापूर्वी गेटची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, आणि तेथे पहिली शर्यतही फक्त पूर्वी न पळालेल्या घोड्यांचीच ठेवतात, ही कल्पना मला फार आवडली, कारण त्यामुळे कच्च्या घोड्याची गाठ मुरलेल्या घोड्याशी पडत नाही. अमेरिकेत सार्वजनिक चाचणी-शर्यतीची तशी पद्धत नाही, पण पहाटेच्या कामांच्या अधिकृत वेळा प्रत्येक घोड्याच्या माहितीखाली छापतातच. इंग्लंडमध्ये नवा घोडा बहुधा थेट शर्यतीतच दिसतो आणि तेथील जाणकार पॅडॉकमधल्या निरीक्षणावर आणि वंशावळीवर भर देतात. जुन्या परंपरेचा हा मान ठेवूनही मला तो मार्ग ठाण्यातल्या वाचकाच्या सोयीचा वाटत नाही.

चाचण्यांविरुद्धचा एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो, तो घोड्यांच्या पायांचा. आमच्या सोसायटीत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेली एक तरुणी राहते. तिला मी विचारले की, एवढ्या लहान वयात शर्यतीच्या वेगाने आणखी दोनदा-तीनदा पळवणे हा त्यांच्यावर अन्याय नाही का? ती म्हणाली, "काका, वर्षभर नुसतं दुडक्या चालीनं फिरवलं आणि एकदम रेसला काढलं, तर त्याच्या नळीच्या हाडाला वेगाची ओळखच नसते. थोडं थोडं वेगात पळवलं की जिथे जोर येतो तिथे हाड जाड होतं. पण ते थोडं थोडंच हवं. रोज ताणलंत तर नळी सुजते आणि घोडा महिनाभर बसतो." पुढच्या पायाच्या गुडघ्यावरची वाढीची फट, म्हणजे हाड जेथून वाढते ती जागा, साधारण दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान बंद होते, आणि काळजी घेणारे ट्रेनर आधी एक्स-रे काढून ते पाहतात, हेही तिनेच सांगितले.

हे कळल्यावर मी पंचांग काढून बसलो. उत्तर गोलार्धात घोड्याचे वय १ जानेवारीला वाढते, ऑस्ट्रेलियात १ ऑगस्टला. आपल्याकडे शिंगरे वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांत जन्मतात आणि दोन वर्षांचे घोडे मुख्यतः हिवाळी हंगामात उतरतात, म्हणजे डिसेंबरातल्या शर्यतीत त्यांचे खरे वय अडीच ते पावणेतीन वर्षांच्या पुढेमागे असते. इंग्लंडमध्ये दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यती मार्चअखेरीस डॉन्कास्टरला सुरू होतात, तेव्हा त्यांतल्या काहींना खरी दोन वर्षेसुद्धा पूर्ण झालेली नसतात. सिडनीत तर सप्टेंबरात चाचण्या होतात आणि लगेच शर्यती. रोझहिलची १२०० मीटरची गोल्डन स्लिपर ही १९५७ पासून चालत आलेली प्रतिष्ठेची शर्यत मार्च-एप्रिलच्या सुमारास या लहानग्यांचीच होते. त्या मानाने आपल्या शिंगरांना जास्त वेळ मिळतो. म्हणून पायांचा मुद्दा पुढे करून आपल्याकडे चाचण्याच नकोत असे म्हणणे मला पटत नाही. गेटचा सराव, त्यानंतर एक मॉक रेस, आणि गेटमध्ये बिघडलेल्या घोड्याला पंधरा दिवसांनी आणखी एक, एवढे पुरे. घोड्याला चाचण्यांतच जिरवून टाकण्यात कोणाचे हित नाही.

दुसरा आक्षेप नानांचा, आणि तो जास्त चिवट आहे. त्यांच्या मते मॉक रेस ही नावाप्रमाणेच लुटूपुटूची असते; जॉकी घोड्याला दाबून ठेवतो, ट्रेनरला आपले पत्ते उघडे करायचे नसतात, आणि अशी नोंद छापली तर लोक उलट जास्त फसतील. यात तथ्य आहे. चाचणीत पहिला आलेला घोडा शर्यतीत जिंकेलच असे समजणारा माणूस दोन रविवारांत शहाणा होतो. पण हाच युक्तिवाद खऱ्या शर्यतींनाही लागू पडतो, आणि तरीही त्यांच्या ओळी आपण छापतोच. दाबून ठेवलेला घोडा दाबून ठेवलेला होता, हे चित्रफितीत किंवा निरीक्षकाच्या शब्दांत दिसते. लपवता येत नाही ते गेटमधले वागणे, घोळक्यातून जाण्याची भीती आणि वळणावर बाहेर फेकले जाणे. मला चाचणीतून विजेता नको असतो. कोणता घोडा अजून कच्चा आहे एवढेच हवे असते. अर्धवट सांगितलेली चाचणी मात्र न सांगितलेल्या चाचणीहून वाईट. 'सकाळच्या कामात चमक' हे त्याचेच उदाहरण होते.

आता पुन्हा पुस्तकाकडे. सहा अंकांत मिळून पदार्पण करणाऱ्या घोड्यांपैकी ज्यांच्याबद्दल काहीतरी लिहिले होते अशांची संख्या निम्म्याहून कमी भरली, आणि जे लिहिले होते ते 'चमक', 'तयार', 'नजर ठेवा' अशा विशेषणांत होते. एकाही ठिकाणी वेळ, अंतर आणि गेटमधले वागणे या तिन्ही गोष्टी एकत्र आढळल्या नाहीत. वंशावळीचा भाग मात्र उत्तम आहे. आईची आधीची पिल्ले किती अंतरावर जिंकली हे इतक्या नीटपणे देणारे हे पुस्तक मला तरी मोलाचे वाटते, आणि प्रथमच पळणाऱ्या घोड्यासाठी तेवढाच आधार त्यात आहे. अंकशास्त्राच्या पानांबद्दल अधिक लिहिण्याची गरज नाही. शेवटच्या क्षणी माघार घेतलेल्या घोड्यांची नोंद पुस्तकात येणे शक्य नाही, त्यामुळे तो दोष मी धरत नाही. मराठी मजकूर मात्र शुद्धलेखनाच्या दृष्टीने एकदा कोणाच्या तरी नजरेखालून जायला हवा; एका अंकात 'जॉकी'चे तीन वेगवेगळे अवतार होते.

ज्यांना जुन्या घोड्यांच्या शर्यती खेळायच्या आहेत त्यांनी हे पुस्तक बिनदिक्कत घ्यावे. दोन वर्षांच्या घोड्यांच्या शर्यतीत एकट्या याच्या भरवशावर एकही तिकीट काढू नये, आणि काढलेच तर ते आपण आंधळेपणाने काढत आहोत हे जाणून काढावे. प्रकाशकांना माझी सूचना एवढीच आहे की अंकशास्त्राची दोन पाने काढून तेथे 'या आठवड्यातील पदार्पणे' असा एक तक्ता द्यावा : घोडा, मॉक रेसची तारीख, अंतर, वेळ, गेटमधून कसा निघाला, रायडरने जोर लावला की नाही. सहा रकाने.

तोपर्यंत मी माझी सोय करून घेतली आहे. त्या आठवड्याचे इंग्रजी दैनिक चाळून मॉक रेसच्या ओळी कापून ठेवतो आणि शनिवारी पुस्तक हाती आले की ज्या घोड्यांखाली 'पदार्पण' लिहिलेले असते, त्या कोऱ्या जागेत पेन्सिलीने बारीक अक्षरांत त्या उतरवतो. जागा नेमकी पुरते. मागच्या खेपेस स्टॉलवाल्याने पुस्तकासोबत शुक्रवारचा उरलेला इंग्रजी अंकही माझ्यासाठी बाजूला काढून ठेवला होता. पैसे मात्र त्याने पूर्ण घेतले.